"बाळाबद्दल काही शोधतच बसू नका" म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या काही आठवड्यांत एकच मेसेज मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला. लिहिणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, खाली फक्त 'प्रत्येक आईपर्यंत पोहोचवा'. मजकूर थोडक्यात असा: लहान मुलांची वाढ आणि संगोपन याबद्दल खात्रीची माहिती कुठेच मिळत नाही, तेव्हा शोधत बसू नका. कारणं पाच दिली आहेत. तज्ज्ञ दर दहा वर्षांनी मत बदलतात. प्रत्येक मूल वेगळं, म्हणून 'कितव्या महिन्यात काय' हे तक्ते निरर्थक. मेंदूची नव्वद टक्के वाढ पाच वर्षांत संपते, तेव्हा वाचण्यात वेळ घालवू नका, करायला लागा. संशोधन सगळं कंपन्यांच्या पैशावर चालतं. आणि शेवटी, आईला आतून कळतं, तेवढं पुरे.

यातलं एकही वाक्य साफ खोटं नाही, आणि मला भीती त्याचीच वाटते. झोप न झालेल्या, घाबरलेल्या माणसाला ही वाक्यं चटकन पटतात. म्हणून एकेक घेऊन बघते.

"तज्ज्ञ दर दहा वर्षांनी मत बदलतात."

बदलतात. याचं सगळ्यात मोठं उदाहरण बाळाला झोपवण्याचं आहे, आणि त्यात झालेलं नुकसान वाचून सहन होत नाही. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं बालसंगोपनावरचं पुस्तक १९४६ साली आलं आणि घरोघरी पोहोचलं. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आवृत्तीत बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला आला. कारण ऐकायला बिनतोड होतं: उताणं झोपलेलं बाळ ओकलं तर त्याचा श्वास अडकेल. पुढे कळलं, की पालथी झोपवलेली बाळं झोपेत अचानक दगावण्याचा धोका कितीतरी जास्त असतो. ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली 'बाळाला उताणं झोपवा' अशा मोहिमा निघाल्या. त्यानंतरच्या काही वर्षांत असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

२००५ साली काही संशोधकांनी या विषयावरचे जुने अभ्यास तारीखवार लावून तपासले. त्यांना दिसलं, की हाती असलेला पुरावा कुणी एकत्र ठेवून पाहिला असता तर हा धोका १९७० सालीच कळला असता. त्यांच्या अंदाजाने एकट्या ब्रिटनमध्ये १०,०००हून अधिक, आणि युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड मिळून किमान ५०,००० बाळं वाचली असती.

मेसेजवाले म्हणतील, बघा, चुकलेच ना तज्ज्ञ! हो, चुकले. पण ती चूक कशामुळे सापडली, तेही बघा. बाळ कसं झोपलं होतं याच्या नोंदी ठेवल्या, दगावलेल्या आणि सुखरूप असलेल्या बाळांची तुलना केली, तेव्हा सापडली. घरच्या अनुभवातून ती सापडलीच नसती, कारण पालथी झोपवलेली बहुतेक सगळी बाळं सकाळी हसत उठत होती. 'आमच्याकडे सगळी अशीच झोपली, काही झालं नाही' हे लाखो घरांत खरंच होतं. हजारात एक-दोन घरांत जे घडतं ते आपल्या एका घरातून दिसत नाही.

विखुरलेला पुरावा गोळा करून एकत्र तपासायचा, याच कामासाठी १९९३ साली कॉक्रेन ही संस्था सुरू झाली. तिचं बोधचिन्ह मला फार आवडतं. गोलात काही आडव्या रेघा आहेत, आणि त्यातली एकेक रेघ म्हणजे एकेक खरा प्रयोग. दिवस भरण्याआधी बाळंत होणाऱ्या आयांना स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का, याचे ते प्रयोग. पहिला १९७२ साली प्रसिद्ध झाला होता. सुट्या सुट्या रेघांकडे बघून मन द्विधा होतं, पण एकत्र केल्या की उत्तर स्वच्छ दिसतं: बाळं वाचतात. या संस्थेच्या आढाव्यांचे साध्या भाषेतले सारांश कुणालाही वाचता येतात.

तेव्हा मत बदललं म्हणून एखादा स्रोत टाकून देऊ नका. आधी काय सांगत होतो, आता काय सांगतो, कधी आणि का बदललं, हे जो उघड लिहितो त्याला पहिली पसंती द्या. पानावर तारीखच नसेल, तर ते पान पालथं झोपवण्याचा तो जुना सल्लाही तितक्याच ठामपणे देत असू शकतं.

"प्रत्येक मूल वेगळं असतं, तक्ते निरर्थक."

माझी मुलगी रांगलीच नाही. दहा महिन्यांची झाली तरी बसल्या बसल्या एक पाय पुढे टाकून बुडावर सरकायची. एका रात्री ती झोपल्यावर मी मोबाइल घेऊन बसले. पहिल्याच पानावर लिहिलं होतं, न रांगणाऱ्या मुलांना पुढे लिहायला-वाचायला जड जातं. पोटात गोळाच आला. वाचत वाचत खाली गेले, तर शेवटी 'बाळाला रांगायला शिकवा' अशा कोर्सचं मोठं बटण. तारीख नाही, लेखकाच्या नावाच्या जागी 'आमची टीम'.

त्याच रात्री जागतिक आरोग्य संघटनेचा एक आलेख सापडला. भारत, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचं निरीक्षण करून तो केलेला आहे. त्यात एकेका टप्प्यासाठी एकेक आडवा पट्टा आहे. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. आणि खाली एक वाक्य होतं, जे मी तीनदा वाचलं: ४.३ टक्के मुलं हात-गुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत.

'मूल वेगळं असतं' हे त्या पट्ट्याने आधीच धरलेलं आहे. चालण्याचा पट्टा नऊ महिन्यांहून लांब आहे, तो त्यासाठीच. पण पट्ट्याला शेवटही आहे. तक्ता न बघणाऱ्याला तो शेवट कधी उलटून गेला ते कळत नाही.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला चटईवर बसवलं. स्वतःच्या किल्ल्यांचा जुडगा एकदा तिच्या डावीकडे, एकदा उजवीकडे, हात पुरणार नाही इतका लांब ठेवला, आणि काही न बोलता बघत राहिल्या. दोन्ही हात सारखे पुढे येतात का, दोन्ही पायांत सारखा जोर आहे का, काही धरून उभं राहायला बघते का. मग म्हणाल्या, "ही नाही रांगली तरी चालेल. पण एकच हात वापरत असती आणि दुसऱ्याची मूठ मिटलेली राहिली असती, तर मी आजच पुढच्या तपासण्या सांगितल्या असत्या." अशी खूण मला त्या कोर्सवाल्या पानावर सापडली नव्हती.

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने २०२२ साली आपले तक्ते बदलले, तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. शिवाय निम्म्या मुलांना जे जमतं त्याऐवजी चारांतल्या तीन मुलांना त्या वयात जे जमतं ते लिहिलं, म्हणजे 'अजून जमत नाही' याला वजन यावं आणि पालकांनी 'थांबून बघू' म्हणत महिने घालवू नयेत. या बदलावर तज्ज्ञांमध्ये जाहीर वाद झाला, आणि तो आपल्याला वाचायला मिळतो हे चांगलंच आहे.

थांबणं कधी कधी फार महागात पडतं. ऐकू न येणारं बाळही पहिले काही महिने गोड आवाज काढतं, त्यामुळे घरात कुणाला शंका येत नाही. म्हणून नवजात बाळाची श्रवणचाचणी पहिल्या महिन्यात, शंका असेल तर निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू, असं उद्दिष्ट ठेवतात. आणि कुठल्याही वयात मूल आधी जमणारी गोष्ट विसरायला लागलं, शब्द गेले, नजरेला नजर देणं गेलं, तर तक्ता बघायलाही थांबू नका. सरळ डॉक्टरांकडे जा.

"मेंदूची नव्वद टक्के वाढ पाच वर्षांत संपते."

साधारण सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचं आकारमान मोठ्या माणसाच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं, हे बरोबर. पण ते आकारमान आहे. मेंदूतल्या जोडण्या तयार होणं, न लागणाऱ्या छाटल्या जाणं हे पुढे कित्येक वर्षं चालतं, आणि विचार-संयम सांभाळणारा पुढचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत पक्व होत राहतो. पाचव्या वर्षी कुठलंही दार बंद होत नाही. हा आकडा पालकांना घाबरवून काहीतरी विकायला फार सोयीचा आहे, म्हणून मला त्याची चीड येते.

मोझार्ट या युरोपीय संगीतकाराच्या संगीताचं तसंच झालं. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात एक छोटासा निबंध आला. ३६ कॉलेज विद्यार्थ्यांना दहा मिनिटं मोझार्ट ऐकवल्यावर आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली, आणि तो परिणाम पाव तासात ओसरला. त्या प्रयोगात बाळ एकही नव्हतं. तरी १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या राज्यपालांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीत देण्यासाठी सरकारी निधी मागितला. 'संशोधनाने सिद्ध' असं वाचलं की एवढं विचारा: संशोधन कुणावर? किती जणांवर? परिणाम किती वेळ टिकला?

पहिली वर्षं महत्त्वाची असतात, यात मात्र शंका नाही. रोमानियात बुखारेस्टच्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्म्यांना, चिठ्ठ्या टाकल्यासारखं निवडून, सांभाळणाऱ्या कुटुंबांत ठेवलं गेलं. हा अभ्यास २००० साली सुरू झाला. कुटुंबात गेलेली मुलं सुधारली, आणि दोन वर्षांची होण्याआधी गेलेली सर्वांत जास्त. त्या मुलांना आधी काय मिळत नव्हतं? उचलून घेणारं, रडलं की येणारं, बोललं की उत्तर देणारं ठरावीक माणूस. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ साली मांडलेल्या चौकटीतही आरोग्य, पोषण, सुरक्षितता, शिकण्याच्या संधी आणि बाळाच्या हाकेला प्रतिसाद एवढ्या पाचच गोष्टी आहेत. खास खेळण्यांचा संच त्यात नाही.

"संशोधन सगळं कंपन्यांच्या पैशावर चालतं."

काही चालतं, आणि सावध राहायलाच हवं. पण पैसा लपवला गेला तर तो उघडकीला आणायचा मार्गही आहे. १९९८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधले डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांनी १२ मुलांच्या आधारावर एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा स्वमग्नतेशी (ऑटिझमशी) संबंध सुचवला. लस उत्पादकांविरुद्ध खटल्याची तयारी करणाऱ्या वकिलाकडून त्यांना पैसे मिळत होते, हे नंतर एका पत्रकाराने उघड केलं. २०१० साली निबंध मागे घेतला गेला, त्यांचा परवानाही गेला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांवर झालेल्या २०१९च्या अभ्यासात असा संबंध आढळला नाही. तरी तो जुना दावा आजही फिरतो आहे, तोही अशाच निनावी मेसेजमधून.

मी पैशाचा प्रश्न प्रत्येक पानाला विचारते, मग ते कुणाचंही असो: हे वाचून मी घाबरले तर कुणाचा फायदा? जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा एनएचएस, आपापल्या देशातली बालरोगतज्ज्ञांची संघटना यांची पानं वाचताना विकत घ्यायचं बटण सहसा समोर येत नाही. चुका त्यांच्याही होतात, पण दुरुस्ती तिथेच छापून येते.

"आईला आतून कळतं."

हा मुद्दा मला खोडायचा नाही. पालकांची शंका हा तपासणीतला खरा पुरावा असतो, आणि चांगले डॉक्टर 'तुम्हाला काही खटकतंय का' हे आवर्जून विचारतात. फक्त, काहीतरी बिनसलंय हे आतून कळतं, काय बिनसलंय ते कळेलच असं नाही.

माझ्या धाकट्या जावेचा मुलगा सोळा महिन्यांचा असताना हाक मारली तरी वळेनासा झाला. सगळे म्हणाले, मुलगे उशिरानेच शिकतात, त्याच्या कलाने घे. तिच्या मनाने मात्र स्वमग्नताच धरली होती आणि ती रात्र-रात्र व्हिडिओ बघत होती. मी तिला म्हटलं, दोन कामं कर. तो खेळत असताना मागून हाक मार, आणि एक मिनिटाचं शूटिंग घे. आणि कागदावर तारखेसह लिही, काय करायचा आणि आता काय करत नाही. डॉक्टरांनी शूटिंग दोनदा पाहिलं, कागद वाचला आणि आधी कान तपासायला पाठवलं. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साचलं होतं. ते बऱ्याचदा आपोआप कमी होतं, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, तोपर्यंत त्याच्यासमोर बसून, टीव्ही बंद ठेवून बोला, असं त्यांनी सांगितलं. पुढच्या तपासणीची तारीख तिने त्याच कागदाच्या खाली लिहून ठेवली आहे.