३८ दिवसांचा हिशेब

भाऊ, तुमची प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. न्हाणीघर नव्यानं करायला पाच आठवडे धरा, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की पुण्यात तुमच्या मेहुण्याच्या फ्लॅटमधलं बाथरूम नऊ दिवसांत झालं, पाच आठवडे लागतात ते खेड्यातल्या मिस्त्रींच्या कामचुकारपणामुळे, आणि माझ्यासारखे लोक त्यांना पाठीशी घालतात. शेवटी लिहिलंत की वैशाखात मुलीचं लग्न आहे, पंधरा दिवसांत काम उरकून मला दाखवणार. या शेवटच्या ओळीसाठीच एवढं सविस्तर लिहिते आहे.

नऊ दिवसांचं तुमचं म्हणणं मला खोटं वाटत नाही. जुन्या टाइल्स घट्ट असतील, भिंतीतले पाइप तेच ठेवायचे असतील आणि जुन्या टाइलवरच अॅडेसिव्हनं नवी टाइल चिकटवायची असेल, तर आठ-दहा दिवसांत काम होतं. आपल्या खेड्यातही होतं. माझ्या लेखात हा फरक यायला हवा होता, तो आला नाही. सगळ्यांना सरसकट पाच आठवडे सांगितले, ही चूक माझी. मी ज्या कामाबद्दल बोलत होते ते विटेपर्यंत खरवडून पुन्हा उभं करण्याचं काम आहे.

आमच्या घरी ते दोनदा झालं. आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं असलेल्या भागात. २०१८ च्या मे महिन्यात दिराचं लग्न होतं, म्हणून आम्ही १२ दिवसांत न्हाणीघर केलं. सोमवारी प्लास्टर, गुरुवारी त्यावर टाइल्स. नळाला पाणी चार दिवसाआड यायचं, म्हणून माल कालवायला बोअरचं खारं पाणी वापरलं. लग्नात सगळ्यांनी कौतुक केलं. दिवाळीपर्यंत सांध्यांतून पांढरा लोणा, म्हणजे क्षारांचा थर, फुटला. पुढच्या उन्हाळ्यात टाइलवर बोटानं वाजवलं की आतून पोकळ आवाज यायचा. उतार घाईत चुकला होता, त्यामुळे पाणी जाळीकडे जाण्याऐवजी दाराशी साचायचं. त्याच पाण्यावरून सासूबाई घसरल्या आणि मनगट मोडलं. तेव्हापासून न्हाणीघराच्या घाईबद्दल कुणी हलकं बोललं की माझ्यानं गप्प बसवत नाही.

दुसऱ्यांदा काम काढलं ते फेब्रुवारीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून आत कमोडही बसवायचा होता. अंगणातला जुना संडास चालू होता, त्यामुळे तेवढी सोय होती. आंघोळीसाठी मागच्या बाजूला शहाबादी फरशी टाकून चार बांबूंना तट्टे बांधले. तुम्ही कमेंटमध्ये फक्त दिवस मोजले. घरातल्या बायकांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी तेवढे दिवस आंघोळ कुठे करायची, हे आधी ठरवा. आडोसा नीट नसला की चौथ्या दिवसापासून घरातूनच घाई सुरू होते, आणि मिस्त्री त्या घाईला बळी पडतो.

काम ३८ दिवस चाललं. मी वहीत रोज लिहून ठेवलं होतं, त्यामुळे आकडा अंदाजे नाही. दोन दिवस तोडफोड. तीन दिवस पाइप: कमोडची चार इंची लाइन सेप्टिक टँकपर्यंत, गरम पाण्याला सीपीव्हीसी, म्हणजे उष्णता सोसणारा प्लास्टिकचा पाइप, गीझरचा पॉइंट, आणि मग तोंडं बंद करून रात्रभर पाइप भरून ठेवणं. ही रात्र कधी वाचवू नका. आमचा एक एल्बो, म्हणजे पाइपच्या वळणाचा जोड, त्या रात्री पाझरला. टाइल बसल्यावर पाझरला असता तर भिंत फोडावी लागली असती. नंतर दोन दिवसांत प्लास्टर आणि उताराचा कोबा, म्हणजे टाइलखालचा सिमेंटचा थर. मग दहा दिवस नुसती तराई, म्हणजे पाणी मारून सिमेंट ओलं ठेवणं.

तुम्हाला जो कामचुकारपणा दिसतो तो याच दहा दिवसांत दिसत असणार. मिस्त्री येत नाही, आवाज नाही, घरची सून सकाळ-दुपार-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारते आहे. पण सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी त्याची प्रक्रिया होऊन घट्ट होतं. पाणी आधीच उडून गेलं तर ती प्रक्रिया अर्धवट राहते आणि प्लास्टर नखानं खरवडलं तरी भुसभुशीत निघतं. आयएस ४५६ हे काँक्रीटचं भारतीय मानक आहे. त्यात साध्या सिमेंटला किमान ७ दिवस ओलं ठेवा म्हटलंय, आणि मिश्र सिमेंट असेल किंवा हवा कोरडी-गरम असेल तर किमान १० दिवस. दुकानात आपल्याला मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे औष्णिक वीजकेंद्रातली राख मिसळलेलं. ते ताकद हळू धरतं. मानक काँक्रीटचं असलं तरी आमच्या मिस्त्रीनं कोब्याला आणि प्लास्टरलाही तोच हिशेब लावला. त्यानं मानक वाचलेलं नाही. तो एवढंच म्हणाला, "वहिनी, उन्हाळ्यात सिमेटाले लय तहान लागते, दिवसातून चार खेपा पाणी पाजा लागते."

आणि ते पाणी गोड हवं. त्याच मानकात लोखंड असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातल्या क्लोराइडची मर्यादा लिटरमागे ५०० मिलिग्रॅम आहे, लोखंड नसलेल्यासाठी २०००. आमच्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात कित्येक बोअर चवीलाच खारट लागतात. तुमच्या पाण्याची शंका असेल तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना तपासून घ्या. आम्ही दुसऱ्या खेपेला नळ आला की हजार लिटरची टाकी फक्त बांधकामासाठी भरून ठेवत होतो.

तराईनंतर वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा, त्याला दोन दिवस. ते धरायला तीन दिवस. मग जाळीला बोळा घालून दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि बाहेरच्या भिंतीला ओल येते का पाहिलं. टाइल्सना चार दिवस, एक दिवस विश्रांती, एक दिवस सांधे भरायला, दोन दिवस नळ, कमोड, दार.

या सगळ्याचे झाले ३२. त्यातले १६ दिवस माणसांच्या हातांचे, १६ सिमेंट-पाण्याचे. उरलेले सहा दिवस मात्र वाया गेले, आणि तिथे तुमचा राग मला पटतो. टाइलची एक पेटी कमी पडली, तालुक्याच्या दुकानात त्या छटेची शिल्लक नव्हती, ती यायला तीन दिवस. मिस्त्रीचा स्वतःचा हरभरा सोंगणीला आला, आणखी तीन. हरभऱ्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. त्याचं पोट निम्मं शेतावर आहे. पण मी तारीख आधी विचारली असती तर तराईचे दिवस आणि सोंगणी एकत्र आली असती. टाइल्सही मोजून एक पेटी जास्त आणायला हव्या होत्या. भांडायचं असेल तर या सहा दिवसांवर भांडा, भाऊ. तराईच्या दहा दिवसांवर नको.

आणखी एक. तुमचं न्हाणीघर घराला मागून जोडलेलं असेल आणि खाली काळी माती असेल, तर जोडाच्या जागी उभी भेग आहे का ते आधी बघा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि दोन बांधकामं वेगवेगळी हलतात. त्या भेगेवरून सरळ टाइल लावली तर टाइल तडकते.

आता लग्नाचं. पंधरा दिवसच असतील तर भिंतीला हात लावू नका. जुन्या टाइल्स सगळीकडे वाजवून बघा. घट्ट असतील तर पुण्यासारखंच वरून काम करा, नऊ-दहा दिवसांत होईल. पोकळ असतील तर नळ बदला, दार बदला, चुना मारा, आणि मोठं काम पुढच्या जानेवारी-फेब्रुवारीवर टाका. ऊन कमी असतं, पावसाळ्यात रेतीघाट बंद असल्यानं होणारी रेतीची ओढाताणही नसते. पाहुणे चकाकणारी टाइल दोन दिवस बघतील. त्या फरशीवरून रोज चालणार आहेत ते तुमच्या घरचे.

टाइल्स वाजवून झाल्या की इथेच लिहा. बोअरचं पाणी खारं आहे की गोड, तेही कळवा, म्हणजे पुढचं सांगता येईल.