गलांड्याला पाणी घालू नये

दसऱ्याला झेंडूशेजारी ढीग लागतो ना, तो गलांडा, म्हणजे गॅलार्डिया. त्याचा एक बारमाही भाऊ असतो, उत्तर अमेरिकेतल्या गवताळ माळरानावरचा, लाल पाकळ्या, टोकं पिवळी, मधे चॉकलेटी गोंडा. सोलापूर रोडच्या नर्सरीवाल्याने रोप देताना सांगितलं, "साहेब, सहा तास ऊन द्या, खताचे लाड नकोत, आणि पाण्याचं म्हणाल तर विसरून जायचं. दोन-तीन वर्षं बघायला नको."

विसरण्यात माझा हात कोण धरणार! लग्नाचा वाढदिवस दोनदा विसरलोय. म्हटलं हे झाड आपलंच.

कुंडीत निम्मी वाळू, थोडे विटांचे तुकडे. महिन्याभरात सात फुलं. सुकलेली खुडली की नवीन येत राहतात, म्हणून रोज चहाचा कप हातात घेऊन खुडायचो आणि शेजाऱ्यांना ते दिसेल असा उभा राहायचो.

पण आमच्याकडे गुरुवारी पाणी बंद. म्हणजे बुधवारी रात्री बादल्या, पातेली, कुकरसुद्धा भरायचे, आणि शुक्रवारी नळाला पाणी आलं की ते सगळं एका क्षणात शिळं होतं. शिळं पाणी मोरीत ओतणं आईच्या तत्त्वात बसत नाही. ते जातं कुंडीत.

तिसऱ्या शुक्रवारनंतर पानं मलूल. आता यातली गोम अशी की जास्त पाण्याने मुळं कुजली की त्यांना पाणी ओढता येत नाही, त्यामुळे झाड नेमकं तहानल्यासारखं माना टाकतं, मग आई म्हणते, "बघ, सुकलं बिचारं, तुझं लक्ष कुठे असतं रे?" आणि अजून एक तांब्या. मी गुगल दाखवलं. "अमेरिकेतल्या झाडाला काय तहान लागत नाही?"

दुसरं रोप आणलं, ते सोसायटीच्या गच्चीत ठेवलं, आणि पुण्यात राहतो म्हटल्यावर पाटी आलीच: 'या झाडाला पाणी घालू नये.' संध्याकाळी खाली पेन्सिलने, 'झाडाला विचारलंत का?' अक्षर वरच्या काकांचं. कुंडीतून पाणी ठिबकत होतं.

तिसरं मात्र लोखंडी शिडी चढून थेट टाकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवलं. दिवसभर ऊन, माणूस नाही की मांजर नाही. पंधरा दिवस मी तिकडे फिरकलोच नाही, म्हणजे नर्सरीवाल्याच्या भाषेत अगदी आदर्श संगोपन.

सोळाव्या दिवशी चढलो तर कुंडीत डबकं. वर बघतो तर टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप, बरोब्बर नेम धरून.

खालून वॉचमनकाका ओरडले, "साहेब, काळजी करू नका! तुमच्या झाडासाठी मी पंप रोज दहा मिनिटं उशिराच बंद करतो."