शिकायला पाठवलंय की फिरायला?

युरोपात शिकणाऱ्या आपल्या पोरांनी शनिवार-रविवारचे फोटो टाकले की घरच्यांपैकी कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. विचारणारे काका-मामा वाईट मनाचे नसतात. पोरीच्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज किती, हप्ता कधी सुरू होणार, हे त्यांना पाठ असतं. त्यामुळं त्यांच्यावर न चिडता सरळ उत्तर द्यावं म्हणून हे लिहितेय. मी सांगली जिल्ह्यातली, जर्मनीत आखनला केमिकल इंजिनिअरिंगचं मास्टर्स केलं, आता इथंच नोकरी करते. माझ्या शिक्षणातला फार मोठा भाग शनिवार-रविवारी, मित्रमैत्रिणींबरोबर गाडीत आणि पायी झाला. मात्र "किती देश झाले?" हा हिशोब डोक्यात ठेवून फिरणाऱ्यांच्या हाती ते लागत नाही, असंही माझं ठाम मत आहे.

आधी पैशांचं बोलू, कारण खरी काळजी तिथंच असते. जर्मनीच्या स्टुडंट व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये सध्या वर्षाचे 11,904 युरो ठेवावे लागतात. म्हणजे महिन्याला 992 युरो हातात येतात, आणि त्यातूनच खोलीचं भाडं, इन्शुरन्स, किराणा भागवायचा. एवढ्यात दर महिन्याला विमानानं रोम-बार्सिलोना जमत नाही, आणि जमवूही नये. पण 2024 च्या उन्हाळी सेमिस्टरपासून बऱ्याच विद्यापीठांत फीमध्येच डॉइचलँड सेमिस्टर तिकीट येतं. सुरुवातीला ते महिन्याला 29.40 युरोला पडायचं, पुढं भाव वाढला. तरी या एका तिकिटावर देशभरातल्या रिजनल गाड्या, लोकल, ट्राम, बस सगळं चालतं. फक्त आयसीई, आयसीसारख्या वेगवान गाड्या चालत नाहीत. कोलोन, बॉन, आयफेलच्या डोंगरातलं मोनशाऊ, कुठंही जा, प्रवासाला वेगळा पैसा लागत नाही. डबा खोलीवरून न्यायचा. माझ्या डब्यात मसालेभात आणि आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी असायची. ब्रेडला लोणी लावून त्यावर ती चटणी पसरली की ब्राझीलची मैत्रीणसुद्धा दुसरा घास मागायची.

आमच्या घोळक्याचा एक नियम होता आणि त्याचा मला आजही अभिमान वाटतो. ज्याच्या खिशात सगळ्यात कमी पैसे, त्याच्या हिशोबानं बेत ठरायचा. केरळचा एक मित्र शनिवारी गोदामात शिफ्ट करायचा, मग आम्ही रविवारीच निघायचो. हॉस्टेलचा बंक एखाद्याला परवडत नसेल तर मुक्कामाचा बेतच रद्द. यावर कधी चर्चा झाली नाही, कुणाला कमीपणा वाटू दिला नाही. परक्या देशात ज्या पोरांचे हाल होतात, ती बहुतेक एकटी पडलेली असतात. परीक्षेत नापास झाल्याचं, घरी खोटं सांगितल्याचं, कुणी खोली खाली करायला सांगितल्याचं, हे सगळं मी रिजनल गाडीच्या लांब प्रवासात ऐकलंय. विद्यापीठाच्या कॅन्टीनमध्ये असं कुणी बोलत नाही.

(एक गोष्ट फार थोड्या लोकांना माहीत आहे. गरीब घरच्या पोरांनाही फिरता यावं म्हणून यूथ हॉस्टेलची कल्पना मांडली ती रिखार्ड शिरमान या जर्मन शाळामास्तरांनी, 1909 साली. आल्टेनाच्या किल्ल्यात 1912 मध्ये उघडलेलं त्यांचं हॉस्टेल जगातलं पहिलं मानतात. म्हणजे पोरांचं फिरणं हा शिक्षणाचाच भाग आहे, हे एका मास्तरांनी शंभर वर्षांपूर्वीच ओळखलं होतं.)

आता जवळच्या जागांबद्दल. आखनची सिटी बस सीमा ओलांडून नेदरलँड्समधल्या फाल्स गावात जाते. तिथून झाडीतून चढत गेलं की जर्मनी, बेल्जियम, नेदरलँड्स एकत्र येतात ती जागा लागते. उंची 322 मीटर, युरोपातल्या नेदरलँड्सचा हा सर्वांत उंच भाग. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे म्हटल्यावर सोबतच्या डच मुलाचा विश्वास बसेना. बहुतेक जण तिथं तीन देशांत पाय ठेवून फोटो काढतात आणि परत फिरतात. आम्ही बेल्जियमच्या बाजूला उतरून केल्मिसपर्यंत चालत गेलो, आणि तिथं कळलं की एके काळी इथं तीन नव्हे, चार हद्दी भेटायच्या. नेपोलियनच्या पाडावानंतर इथली जस्ताची खाण प्रशियाला, म्हणजे तेव्हाच्या मोठ्या जर्मन राज्याला, हवी होती आणि नेदरलँड्सलाही. कुणीच माघार घेईना, म्हणून 1816 मध्ये खाणीभोवतीचा जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचा तुकडा दोघांचाही नाही असा ठरवला. न्यूट्रल मोरेस्ने त्याचं नाव. खाण 1885 मध्ये संपली, तरी तो तुकडा तसाच राहिला. 1908 मध्ये काही मंडळींनी तिथं एस्परान्तो या मुद्दाम तयार केलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेचं राज्य उभारायचाही घाट घातला होता. पहिल्या महायुद्धानंतर तो बेल्जियमकडं गेला.

तिथल्या माळावर एक पिवळं रानफूल उगवतं, व्हायोलाच्या जातीचं. जस्तानं भरलेल्या ज्या मातीत इतर झाडं तग धरत नाहीत, तिथंच ते वाढतं. आमच्यातली एकजण पर्यावरण इंजिनिअरिंगची होती. ती गुडघ्यावर बसून माती बोटांत चुरडत आम्हाला जड धातूंचं प्रदूषण समजावत होती. त्या विषयाच्या स्लाइड्स मी परीक्षेपुरत्या पाठ केल्या होत्या. विषय समजला तो त्या माळावर.

पण सगळ्यात खोलवर गेला तो ईपरचा वीकेंड. पश्चिम बेल्जियममधलं हे छोटं शहर पहिल्या महायुद्धात पार बेचिराख झालं होतं. आम्ही गाड्या बदलत बदलत गेलो. लाहोरचा एक मित्र, माझी जर्मन वर्गमैत्रीण, मी आणि आणखी दोघं. तिथल्या मेनिन गेट या कमानीवर, ज्यांच्या मृतदेहांचा कधी पत्ताच लागला नाही अशा 54 हजारांहून जास्त सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यांत ब्रिटिशांच्या हिंदी फौजेच्या पलटणी आहेत, सिंग आहेत, खान आहेत, एकाच भिंतीवर. लाहोरचा मित्र एकेका नावावर बोट ठेवत वाचत होता. चकवालजवळच्या गावातले खुदादाद खान याच परिसरात, होलेबेकेला, 31 ऑक्टोबर 1914 रोजी लढले आणि व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिशांचा सर्वोच्च शौर्य सन्मान मिळवणारे पहिले हिंदी सैनिक ठरले, हे त्याला शाळेपासून माहीत होतं. मला ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकायला मिळालं. रात्री आठला कमानीखालची वाहतूक थांबते आणि गावातले बिगुलवाले लास्ट पोस्ट ही मृत सैनिकांना मानवंदना देणारी धून वाजवतात. 1928 पासून हे रोज चालत आलंय. मधे जर्मनांनी गाव ताब्यात घेतलं ती दुसऱ्या महायुद्धाची वर्षं तेवढी खंड पडला.

दुसऱ्या दिवशी भाड्याच्या सायकलींवर लांगेमार्कला गेलो. याच भागात 22 एप्रिल 1915 रोजी जर्मन सैन्यानं दीडशे टनांहून जास्त क्लोरीन हा विषारी वायू वाऱ्यावर सोडला. त्या कामावर देखरेख करायला जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर स्वतः हजर होता. चार दिवसांनी हिंदी फौजेच्या लाहोर डिव्हिजनला याच भागात हल्ल्याला पाठवलं, आणि त्यांनाही गॅसला तोंड द्यावं लागलं.

हाबर मला पहिल्या वर्षापासून माहीत होता. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची पद्धत त्याची. लोखंडाचा कॅटॅलिस्ट, साधारण 450 अंश तापमान, 200 पट वातावरणीय दाब, हे आकडे झोपेतही सांगता येतील. आमच्या उसाला पडणारा युरिया त्याच अमोनियापासून होतो. माझ्या फीचे पैसे ज्या उसातून आले, तो ऊस या माणसाच्या शोधावर वाढलाय, आणि मी उभी होते ते शेतही त्याचंच कर्तृत्व सांगत होतं. त्याची बायको क्लारा इमरवार स्वतः रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेली. त्या हल्ल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत तिनं स्वतःवर गोळी झाडून घेतली. हाबरला 1918 चं नोबेल मिळालं.

लांगेमार्कच्या जर्मन दफनभूमीत 44 हजारांहून जास्त सैनिक आहेत, त्यातले निम्म्याहून अधिक एकाच सामूहिक कबरीत. परतीच्या गाडीत आमच्यात जोरात वाद झाला. बर्लिनच्या एका मोठ्या संशोधन संस्थेला आजही हाबरचं नाव आहे. ते असावं का? जर्मन मैत्रीण म्हणाली, नाव काढलं तर लोक विसरून जातील, राहू दे. लाहोरचा मित्र म्हणाला, इमारतीवर नाव लावणं हा मान असतो, आठवण ठेवायची तर पुस्तकात ठेवा. मी त्याच्या बाजूनं बोलले, आजही माझं मत तेच आहे. आखन येईपर्यंत कुणी कुणाचं ऐकलं नाही. आज मी जिथं काम करते तिथं कुठलीही प्रक्रिया कागदावर आली की ती आणखी कशाकशासाठी वापरता येईल, हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारते. तो विचारायची सवय मला त्या गाडीत लागली.

आता माझ्याच पिढीला थोडं कडक बोलते. शुक्रवारी रात्रीच्या बसनं पॅरिस, आयफेल टॉवरसमोर फोटो, त्याच रात्रीच्या बसनं ॲमस्टरडॅम, सोमवारी लेक्चरला झोप. याला प्रवास म्हणायला माझं मन तयार होत नाही. पॅरिस वाईट नाही, जरूर जा, पण एकाच शहराला दोन दिवस द्या. इन्स्टाग्रामवर कुणाचे पंधरा देश झाले म्हणून आपले चारच झाल्याची खंत बाळगणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यापायी क्रेडिट कार्ड वापरून बसलेलीही पाहिली आहेत. आणि आपल्याच मराठी घोळक्यात राहून सगळा युरोप फिरू नका. ईपरला मी फक्त सांगलीकरांबरोबर गेले असते तर खुदादाद खान हे नाव मला कुणी सांगितलं असतं?

या ऑक्टोबरला येणाऱ्यांसाठी चार कामाच्या गोष्टी. पासपोर्ट आणि रेसिडेन्स कार्ड मूळ प्रतीतच जवळ ठेवा, कारण सप्टेंबर 2024 पासून जर्मनीनं सगळ्या जमिनी सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आणि शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या देशांमधल्या खुल्या सीमांच्या कराराच्या, भरवशावर फोनमधला फोटो चालत नाही. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात, सामान शनिवारीच भरा. ईपरला जाणार असाल तर रात्री मुक्काम धरा, आठचा बिगुल ऐकून त्याच रात्री आखन गाठणं धरू नका. केल्मिसला वसंतात जा, तेव्हा तो माळ पिवळा असतो. आखनच्या आसपास असाल आणि सोबत मिळत नसेल तर मला मेसेज करा, आमचा घोळका अजूनही निघतो.