शटर खाली, पण देणी चालूच

मोंढ्यात व्हॉट्सअ‍ॅपवर 'उद्या कडकडीत बंद' असा मेसेज फिरला की दुकानं पटापट बंद होतात. बंद कुणी करायला लावलं, हे मात्र त्या दिवशी कुणी बघत नाही. भाड्याचा, चेकचा, विम्याचा विषय निघतो तेव्हा सगळं तिथंच येऊन अडतं.

पक्षानं किंवा संघटनेनं पुकारलेल्या बंदला कायद्याचं बळ नाही. सक्तीचा बंद घटनाबाह्य असल्याचा निकाल केरळ उच्च न्यायालयानं 1997 मध्ये दिला आणि सर्वोच्च न्यायालयानं तो कायम ठेवला. जिल्हाधिकाऱ्यांची संचारबंदी वेगळी. ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खाली निघते (पूर्वीचं 144) आणि मोडली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 223 लागतं. म्हणून आदेशाची प्रत जपून ठेवा. क्रमांक, तारीख, हद्द, वेळ आणि सूट कुणाला, हे सगळं त्यातच असतं.

पण आदेश असला तरी भाडं आपोआप माफ होत नाही. गाळ्याचा करार काढून 'दैवी आपत्ती' किंवा 'शासकीय आदेश' असं कलम आहे का ते आधी बघा. असेल तर त्यात सांगितलेल्या मुदतीत लेखी कळवावं लागतं. नसेल तर मालकाशी बोला आणि जे ठरेल ते कागदावर आणा: किती महिने, किती सूट, उरलेलं कधी देणार. 'बघू पुढं' या तोंडी शब्दावर थकबाकी वाढू देणं हा सगळ्यात महागडा व्यवहार आहे. रीतसर भाडेकरू असाल तर राज्याच्या भाडे नियंत्रण कायद्यात थकबाकीच्या नोटिशीनंतर ती भरायला 90 दिवस मिळतात. लीव्ह अँड लायसन्सवाल्यांना (ठरावीक मुदतीच्या परवान्यावर गाळा घेतलेल्यांना) ते संरक्षण नाही, आणि आपल्याकडचे बहुतेक नवे करार त्याच प्रकारचे आहेत.

चेकच्या बाबतीत तर आणखी सावध राहा. व्यापाऱ्याला पुढच्या तारखेचे चेक दिलेले असतात, गल्ला रिकामा झाला की काहीजण 'स्टॉप पेमेंट' करतात. त्यानं कलम 138, म्हणजे चेक न वटल्याचा गुन्हा, टळत नाही. चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत समोरचा नोटीस देऊ शकतो, नोटीस मिळाल्यावर पैसे भरायला तुमच्या हातात फक्त 15 दिवस. चेक बँकेत जाण्याआधीच मुदत मागा, नवा चेक द्या आणि जुना परत घ्या. कोविडमध्ये सर्वोच्च न्यायालयानं 15 मार्च 2020 पासून अशा कायदेशीर मुदती थांबवल्या होत्या. चार दिवसांच्या संचारबंदीत तशी सवलत कुणी देत नाही.

येणं असेल तर उलट बाजूही आहे. उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं वा सेवा देणाऱ्याचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करावं लागतं, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्याला हा फायदा नाही. वाळूज, जालन्याच्या छोट्या वर्कशॉपवाल्यांनी हे लक्षात ठेवावं.

कामगारांचं काय? 29 मार्च 2020 च्या पूर्ण पगाराच्या केंद्राच्या आदेशाचा हवाला आजही दिला जातो, पण तो मे 2020 मध्येच मागे घेतला गेला. अर्धा पगार की रजा, ते प्रत्येकाशी बोलून सही घ्या. पीएफ, ईएसआय भरायची 15 तारीख मात्र पुढे जात नाही. विक्री शून्य असली तरी जीएसटी रिटर्न भरायचंच, नाहीतर रोजचे 20 रुपये लागतात.

राहिला विमा. नुसतं दुकान बंद राहून बुडालेल्या धंद्याचे पैसे साध्या आग विम्यात मिळत नाहीत. दंगलीतली तोडफोड, जाळपोळ पॉलिसीत असेल तर फोटो, एफआयआर, पंचनामा आणि स्टॉकचं रजिस्टर लागतं, आणि कंपनीला लगेच कळवावं लागतं. ते रजिस्टर दुकानातच जळालं तर दावा कशावर मांडणार? दर आठवड्याला त्याचा फोटो काढून घरच्या कुणाला तरी पाठवून ठेवा.