क्लारा शुमान तिथे रडत बसलेली नाहीये

गेले काही दिवस एक फोटो सगळ्या ग्रुप्सवर फिरतोय, मलाच तीन नातेवाइकांनी पाठवला. पांढऱ्या संगमरवरातली कबर, वर एका पुरुषाचा चेहरा, खाली बसून त्याच्याकडे बघणारी बाई. सोबतचा मजकूर थोडक्यात असा, की जर्मनीतल्या बॉनमधली ही कबर संगीतकार ब्राम्सने आपल्या गुप्त प्रेयसीसाठी, पियानोवादक क्लारा शुमानसाठी, ती गेल्यावर बांधली. तिचा नवरा, संगीतकार रॉबर्ट शुमान, वेड्यांच्या इस्पितळात वारला त्यानंतर तिने पियानोला हात लावला नाही, उरलेलं आयुष्य कबरीपाशी रडत काढलं, आणि तेच दुःख दगडात कोरलंय. मी ती कबर पाहिलीय आणि क्लारावर माझा फार जीव आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी तारीख. ही कबर म्हणजे रॉबर्टचं स्मारक, त्याचं अनावरण झालं २ मे १८८० ला आणि क्लारा गेली २० मे १८९६ ला. म्हणजे ती गेल्यावर वगैरे काही नाही, साठ वर्षांची क्लारा अनावरणाला स्वतः हजर होती. रॉबर्टला जाऊन तेव्हा जवळजवळ चोवीस वर्षं झाली होती.

आता बांधली कोणी. शिल्पकार आडोल्फ फॉन डोन्डॉर्फ, आणि दगडावरच लिहिलंय की थोर संगीतकाराला त्याच्या मित्रांनी आणि चाहत्यांनी हे उभारलं. पैसे उभे राहिले ते मुख्यतः ऑगस्ट १८७३ मध्ये बॉनमध्ये झालेल्या शुमान महोत्सवातून, आणि त्या महोत्सवात रॉबर्टचा पियानो कॉन्चेर्तो (पियानो आणि ऑर्केस्ट्रासाठीची रचना) वाजवला कोणी, तर क्लाराने. नवऱ्याच्या स्मारकासाठी ती स्वतः वाजवायला बसली, ही गोष्ट फॉरवर्डमधल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी आहे हो! ब्राम्स होता की, अनावरणाच्या वेळच्या कार्यक्रमात त्याने ऑर्केस्ट्रा कंडक्ट केला, पण मित्र म्हणून, बाकीच्या मित्रांबरोबर.

ती बसलेली बाई रडणारी विधवा नाहीये. शिल्पकाराने तिथे म्यूझ बसवलीय, म्हणजे ग्रीक पुराणातली कलेची देवता, आणि तिला चेहरा दिलाय क्लाराचा. मला स्वतःला हे थोडं खटकतं, कारण क्लारा कुणाची नुसती प्रेरणा नव्हती, ती स्वतः कलावंत होती आणि खरं तर दोघांना शेजारी शेजारी बसवायला हवं होतं. पण १८८० ची नजर तशी होती. तरी त्या चेहऱ्यावर रडणं मला तरी कुठे दिसलं नाही.

आणि सगळ्यात जास्त राग आला तो पियानो सोडल्याच्या वाक्याचा. फेब्रुवारी १८५४ मध्ये रॉबर्टने ऱ्हाइन नदीत उडी मारली, लोकांनी वाचवलं, मग त्याच्याच मागणीवरून त्याला बॉनजवळ एंडेनिशच्या इस्पितळात ठेवलं. क्लारा तेव्हा गरोदर होती, घरात सहा मुलं, डॉक्टर तिला नवऱ्याला भेटू देत नव्हते, आणि ही बाई त्याच वर्षी बाळंतपणानंतर कॉन्सर्टच्या टूरवर निघाली कारण घर चालवायचं होतं. १८५६ मध्ये इंग्लंडला जाऊन वाजवून आली. रॉबर्टची भेट झाली ती त्याच वर्षी २७ जुलैला, आणि २९ जुलैला तो गेला. त्यानंतर ती अजून पस्तीस वर्षं वाजवत राहिली, शेवटची जाहीर कॉन्सर्ट मार्च १८९१ ची! सुरुवात झाली होती १८२८ मध्ये, लाइपझिगच्या गेवांडहाउस या संगीत सभागृहात, वय वर्षं नऊ. तिच्या कार्यक्रमांची १,३०० च्या आसपास छापील पत्रकं जपून ठेवलेली आहेत. १८७८ पासून फ्रांकफुर्टच्या संगीत महाविद्यालयात शिकवत होती, रॉबर्टच्या समग्र रचनांच्या आवृत्तीचं संपादन केलं ते वेगळंच. युरो येण्याआधी जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा होता, तो काय रडत बसल्याबद्दल?

एक गोष्ट मात्र मान्य करते. तिने रचना करणं जवळजवळ थांबवलं होतं, १८५३ नंतर अगदी थोडंच लिहिलं. चौदाव्या वर्षी पियानो कॉन्चेर्तो लिहायला घेतलेल्या मुलीचं असं व्हावं याचं मलाही वाईट वाटतं. पण रचना करणं वेगळं आणि वाजवणं वेगळं, फॉरवर्डवाल्याने दोन्ही एकात घातलंय.

राहिला ब्राम्स. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, त्याच्या पत्रांत दिसतं, लपवण्यासारखं काही नाही. बरीच पत्रं दोघांनी ठरवून नष्ट केली, त्यामुळे त्यापुढचं कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि सांगणारा मनाचं सांगतोय असं समजा. पण तिच्यासाठी कबर बांधायचा प्रश्नच नव्हता. १८९६ मध्ये ती फ्रांकफुर्टला वारली तेव्हा ब्राम्स ऑस्ट्रियात ईशलला होता, निरोप उशिरा मिळाला, वाटेत गाडी चुकली, जवळपास चाळीस तास प्रवास करून तो बॉनला पोचला. तिला ठेवलं ते रॉबर्टच्या शेजारी, तिच्याच चेहऱ्याच्या त्या म्यूझपाशी, जी तिथे सोळा वर्षं आधीपासून बसलेली होती.