१९९८ पूर्वी कोकणात रेल्वे नव्हती, हे खरे नाही

दर वर्षी २६ जानेवारीच्या सुमारास एक संदेश कोकणातल्या घराघरांत फिरतो, आणि यंदा तो आमच्या कुटुंबाच्या गटावरही आला. सह्याद्रीमुळे कोकणात रेल्वे अशक्य आहे असे इंग्रजांनी ठरवले होते, म्हणून १९९८ पर्यंत इथे रेल्वे आलीच नाही आणि अखेर केंद्र सरकारने सगळा खर्च करून ती एका दमात आणली, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान तपासणीला टिकत नाही.

१६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी उत्तर कोकणातच धावली. ते मुंबईचे म्हणून बाजूला ठेवले, तरी सावंतवाडीला लागून असलेल्या गोव्याचे काय? पोर्तुगीज आणि इंग्रज यांच्यात १८७८ साली झालेल्या करारातून मुरगाव बंदरापासून कर्नाटकातल्या घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंतचा मीटरगेज मार्ग निघाला आणि १८८८ पर्यंत तो घाट चढून गेला. हा मार्ग दूधसागर धबधब्यासमोरून जातो. आजही कुळे स्थानकात गाडी थांबली की मागे जादा इंजिने जोडली जातात, डब्यांना हलकासा धक्का बसतो आणि मग गाडी घाट चढू लागते. ज्या काळात सह्याद्री अडवत होता असे सांगितले जाते, त्याच काळात तो इथे ओलांडला गेला होता. याच कुळे स्थानकावर सप्टेंबर १९४६ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांना पोर्तुगीज पोलिसांनी अटक केली. १९५५ च्या सत्याग्रहानंतर सीमेपलीकडची गाडी बंद पडली आणि गोवामुक्तीनंतरच पुन्हा सुरू झाली. इतका इतिहास ज्या रुळांवर घडला, ते नव्हतेच असे म्हणणे मला फार खटकते.

‘एका दमात’ हेही चूक आहे. दिवा-पनवेल-आपटा हा मार्ग साठच्या दशकातला; रोह्याला गाडी पोहोचली १९८६ मध्ये. कोकण रेल्वेची गाडी वीरपर्यंत १९९३ मध्ये आणि खेडपर्यंत १९९५ मध्ये आली. १९९८ च्या २६ जानेवारीला संपूर्ण मार्ग खुला झाला, एवढेच खरे.

खर्चाचे म्हणाल, तर १९९० साली स्थापन झालेल्या कोकण रेल्वे महामंडळात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के होता. महाराष्ट्राने २२, कर्नाटकाने १५, गोवा आणि केरळ यांनी प्रत्येकी ६ टक्के भांडवल दिले, आणि या भांडवलापलीकडच्या खर्चाचा मोठा भाग कर्जरोख्यांतून उभा राहिला.

कोकणात रेल्वे यावी या मागणीसाठी अ. ब. वालावलकर, बॅ. नाथ पै, मधु दंडवते यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. नाथ पै आणि त्यांच्यानंतर दंडवते हे राजापूरचे खासदार होते. संदेशात यांपैकी एकाचेही नाव नाही.

आणि सह्याद्रीपेक्षा त्रास दिला तो मऊ मातीने. गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्यात छतच ढासळत राहिले, त्यामुळे सावंतवाडीपुढचे काम शेवटपर्यंत अडले. बांधकामात प्राण गमावलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरीला आहे.