‘रॅकून’मधून ‘कोरोना’ निघत नाही

कोरोनाच्या साथीच्या सुरुवातीला, २०२० साली, एक मेसेज जगभर फिरला आणि तो अजूनही थांबायचं नाव घेत नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल’ या हॉरर गेममध्ये ही साथ आधीच सांगून ठेवली होती, असा त्याचा दावा. पुरावे असे: गेममधल्या रॅकून सिटीच्या नावाची अक्षरं हलवली की ‘कोरोना’ तयार होतं, आणि गेममधल्या, विषाणू तयार करणाऱ्या अंब्रेला कंपनीचा लोगो व वुहानच्या प्रयोगशाळेचा लोगो एकच आहे. फॅन मंडळी याला आणखी एक शेपूट जोडतात: गेममधला सी-व्हायरस म्हणजेच कोरोना. परवा दहावीतल्या भाचीने हाच मेसेज ‘हे खरंय ना?’ असं विचारत पाठवला. विषाणू म्हणजे काय हे पुस्तकातून शिकायच्या वयात मुलांच्या हाती हे पडतं, म्हणून एकदाचं नीट लिहितो.

आधी अक्षरं मोजा. इंग्रजीत ‘रॅकून’ म्हणजे आर, ए, सी, सी, ओ, ओ, एन, अशी सात अक्षरं. ‘कोरोना’ म्हणजे सी, ओ, आर, ओ, एन, ए, सहाच. एक सी शिल्लक राहतो. मेसेजमध्ये म्हणूनच तो गुपचूप उडवून ‘रॅकून’ एका सीने लिहिलेलं असतं. असं स्पेलिंग काही शब्दकोशांत पर्यायी म्हणून सापडतं, हे मान्य. पण गेममधलं शहर दोन सींचं आहे. अक्षरांचं कोडं अक्षर गाळून सुटत असेल, तर कशातूनही काहीही काढता येईल.

त्याहून मूळ गोष्ट म्हणजे हा गेम जपानी आहे. कॅपकॉम या कंपनीने तो २२ मार्च १९९६ रोजी जपानमध्ये ‘बायोहॅझर्ड’ या नावाने आणला. परदेशात नाव बदललं, कारण अमेरिकेत ‘बायोहॅझर्ड’वर ट्रेडमार्कचा हक्क मिळवणं अवघड होतं. जपानी लिपीत रॅकून लिहिताना रा, कु, दीर्घ उच्चाराची रेघ आणि न् अशी चिन्हं येतात. कोरोना लिहिताना को, रो, ना. एकही चिन्ह सामाईक नाही. जपानी लेखकांनी जपानी खेळाडूंसाठी लिहिलेल्या गोष्टीत असा संकेत दडवला, जो त्यांच्या स्वतःच्या लिपीत दिसूच शकत नाही, हे कसं पटायचं?

आणि ‘कोरोना’ हे नाव मुळात आलं कुठून? याचं उत्तर छापील आहे. नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात एक छोटी नोंद आली. खाली आठ विषाणुतज्ज्ञांची नावं होती, त्यांत जून अल्मेडा आणि डेव्हिड टायरेल हे दोघे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली या विषाणूंच्या कडेने गोलसर टोकांची झालर दिसत होती. खग्रास ग्रहणात सूर्याभोवती दिसणारं तेजोवलय त्यांना त्यावरून आठवलं. त्या वलयाला ‘कोरोना’ म्हणतात, म्हणून हे कोरोनाविषाणू. गेम बाजारात आला तेव्हा हे नाव २७ वर्षांचं झालं होतं. एवढी एक नोंद वाचली तरी सगळा मेसेज कोसळतो.

ते नावही एका विषाणूचं नाही, अख्ख्या कुळाचं आहे. १९९६ साली माणसांत या कुळातले २२९ई आणि ओसी४३ हे ठाऊक होते आणि ते मुख्यतः साध्या सर्दीचे विषाणू मानले जात. कोंबड्यांचा ब्राँकायटिस करणारा भाऊबंद तर १९३० च्या दशकापासून पशुवैद्यांना माहीत होता. याच कुळातल्या विषाणूमुळे होणाऱ्या सार्स या श्वसनरोगाची साथ २००२ च्या अखेरीस आली, म्हणजे गेमनंतर. १९९६ मध्ये कुणी ‘कोरोना’ हा शब्द लपवला असता, तर तो सर्दीचा इशारा ठरला असता. गेमच्या कथेत अंब्रेलाची स्थापनाही १९६८ चीच आहे, हे कुणी पुढचा पुरावा म्हणून आणण्याआधी इथेच सांगतो. इतक्या तारखांच्या कथेत एखादं साल जुळणारच.

आता सी-व्हायरस. यात थोडं तथ्य आहे, तेवढं कबूल करावं लागतं. २०१२ च्या सहाव्या भागात सी-व्हायरस आहे आणि लानशियांग नावाच्या चिनी शहरात तो पसरतो. पण हे शहर काल्पनिक आहे, समुद्रकिनारी आहे, आणि हल्ल्यांची सुरुवातही तिथे होत नाही. आधी पूर्व युरोपातलं एडोनिया, मग अमेरिकेतलं टॉल ओक्स, नंतर लानशियांग. सी म्हणजे ‘क्रिसॅलिड’, म्हणजे कोष. इंजेक्शनने हा विषाणू दिलेल्या माणसांचे जाव्हो नावाचे राक्षसी जीव होतात, त्यांतले काही कोषात जातात आणि कोष फोडून वेगळाच प्राणी बाहेर येतो. वायुरूपात सोडला तर लोकांचे थेट झोंबी होतात. यात सर्दी-खोकल्याच्या विषाणूशी जुळणारं काही नाही.

मालिकेत माणसांचे झोंबी करणारा आणखी एक विषाणू म्हणजे टी-व्हायरस. त्याच्या नावाबद्दलही तर्क लढवायची गरज नाही. ‘रेसिडेंट ईव्हिल झीरो’मध्ये अंब्रेलाचा शास्त्रज्ञ जेम्स मार्कस याची डायरी सापडते. कथेतल्या प्रोजेनिटर या मूळ विषाणूत जळवांचा डीएनए मिसळून नवा विषाणू मिळाला आणि त्याला ‘टायरंट’वरून ‘टी’ म्हणतो, असं तो स्वतः लिहितो. या मालिकेत नावांची उत्तरं बहुतेक वेळा अशा कागदपत्रांतच असतात. अंदाज बांधण्याआधी ती उघडून वाचावीत.

राहिला लोगो. अंब्रेलाचा लोगो आठ पाकळ्यांचा, लाल आणि पांढऱ्या आलटून पालटून. मेसेजमधल्या लोगोचा आकार जवळपास तसाच आहे, हे नाकारत नाही. पण तो लाल नाही आणि वुहानचाही नाही. तो शांघायमधल्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीचा आहे, आणि शांघाय ते वुहान अंतर शेकडो किलोमीटरचं आहे. वुहानच्या विषाणूशास्त्र संस्थेचं बोधचिन्ह वेगळंच आहे. साथीचा उगम नेमका कसा झाला यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, पण तो जनुकीय क्रम, बाजारातले नमुने आणि प्रयोगशाळेच्या नोंदी यांवर चालतो.

स्वतः पडताळायचं असेल तर मेसेजमधल्या चित्रातला फक्त लोगोचा चौकोन कापून घ्या, कारण दोन लोगो शेजारी ठेवून वर मजकूर छापला असेल तर शोध भरकटतो. तो चौकोन गूगल लेन्सवर टाका. निकालांत चित्राची सर्वांत जुनी तारीख बघा आणि कंपनीच्या नावाखाली दिलेला पत्ता वाचा. मेसेजमध्ये पत्ता कधीच नसतो.